लुना आणि नगरचे गिऱ्हाईक : टिकाऊपणा, भरवसा आणि विक्रीचे गणित

दुचाकी टिकाऊ आहे की नाही, हे दोन ठिकाणी ठरते. कारखान्यात ते तास आणि किलोमीटर मोजून ठरते. गावात मात्र गाडी बंद पडल्यावर ती किती वेळात, किती रुपयांत आणि कोणाच्या हातून पुन्हा चालू होते, यावर ठरते. कंपनीची जाहिरात पहिल्या मोजमापाबद्दल बोलते, गिऱ्हाईक पैसे दुसऱ्यावर लावते. या दोहोंतले अंतर, त्यातून उभा राहणारा किंवा ढासळणारा भरवसा, आणि त्याचा कंपनीच्या विक्रीवर होणारा परिणाम पाहायचा तर नगर जिल्ह्यासारखे उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच मिळेल. नगर-दौंड रस्त्यावरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगच्या कारखान्यातून लुना बाहेर पडली, देशभर फिरली, बाजारातून गेली आणि बॅटरी लावून पुन्हा आली. शहरातला कायनेटिक चौक मधल्या सगळ्या काळात आपल्या नावानिशी तिथेच राहिला.

भिंगार हे नगरच्या पूर्वेचे, भुईकोट किल्ल्यापलीकडचे जुने गाव. १७०७ साली औरंगजेब मेला तो इथल्या मुक्कामात. पुढे इंग्रजांची छावणी पडली आणि गावाला यंत्रांचा शेजार मिळाला. लष्कराचे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर, १९९४ पासूनचे रणगाडा संग्रहालय आणि वाहननगरची व्हीआरडीई ही डीआरडीओची वाहन संशोधन संस्था, हे सगळे नगर-भिंगारच्या परिसरातले. बंद पडलेले इंजिन खोलून बघायला न घाबरणारी माणसे अशा गावात सहज तयार होतात. रणगाड्यांच्या या शेजारात पायडल मारून चालू होणारी मोपेड तयार व्हावी आणि तिने रणगाड्यापेक्षा जास्त घरांत जागा मिळवावी, यात थोडी गंमत आहे.

कायनेटिकचे संस्थापक हस्तीमल फिरोदिया नगरचेच. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई विधानसभेचे अध्यक्ष असलेले कुंदनमल तथा भाऊसाहेब फिरोदिया यांचे हे घराणे. हस्तीमल यांचे बंधू नवलमल यांनी बजाज टेम्पो उभी केली, तर हस्तीमल यांनी दुचाकीची वाट धरली. इटलीच्या पियाज्जो कंपनीची चाओ ही मोपेड १९६७ पासून युरोपात धावत होती. तिच्याच धर्तीवर ५० सीसीची लुना १९७२ साली बाजारात आली.

सन महत्त्वाचे आहे. १९७२ म्हणजे महाराष्ट्राच्या आठवणीतल्या सर्वांत मोठ्या दुष्काळाचे साल, आणि नगर जिल्हा त्यात होरपळलेला. पुढच्याच वर्षी अरब देशांनी तेल रोखले आणि पेट्रोल भडकले. स्कूटर घ्यायची तर ऐपत नाही आणि ऐपत असली तरी नंबर लागत नाही, अशी स्थिती होती. बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे थांबत. सायकलीवरून उतरून दुसऱ्या कशावर तरी बसायचे होते आणि ते ‘दुसरे काही’ थोड्या पेट्रोलवर चालायला हवे होते. लुनाने नेमकी ती जागा घेतली. पेट्रोल संपले तर पायडल मारत घरी येता येई. ही सोय त्या काळच्या गिऱ्हाइकाला कोणत्याही हमीपत्रापेक्षा जवळची वाटली, कारण गाडीने दगा दिला तरी तिची सायकल होत असे.

लुनाच्या टिकाऊपणाबद्दल आज जे बोलले जाते त्यात आठवणींचा गोडवा बराच मिसळलेला आहे. ती बंद पडत नसे, हे खरे नाही. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागते. ते पूर्ण जळत नाही आणि त्याची काजळी प्लगवर, एक्झॉस्टच्या तोंडाशी आणि सायलेन्सरच्या नळीत साचते. ऑइल जास्त पडले की प्लग काळा होऊन गाडी फटफटत थांबे. कमी पडले की पिस्टन चिकटे. पॉइंट झिजत, क्लचचे लायनर घासले जात, चढावर दोघे बसले तर इंजिन रडकुंडीला येई. मात्र यातल्या बहुतेक दुखण्यांना घरचा इलाज होता. प्लगपान्याने प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारून पुन्हा बसवायचा. गाडी ‘ओढत नाही’ अशी तक्रार असली की मिस्त्री आधी सायलेन्सर उतरवी. तो विटांच्या दोन थरांवर आडवा ठेवून खाली चिंध्या पेटवायच्या, आतली काजळी धुमसून लाल झाली आणि धूर यायचा थांबला की गार होऊ द्यायचा आणि जमिनीवर उभा आपटायचा. मूठभर काळा भुगा खाली पडे. तासाभरात तीच गाडी नवी असल्यासारखी पळे. या कामाला सुटा भाग लागत नाही, कंपनीचा माणूस लागत नाही आणि मजुरी मोजकी. टिकाऊपणाची गावातली व्याख्या इथे उघड दिसते. जी बिघडते पण कोपऱ्यावर दुरुस्त होते ती टिकाऊ. जी क्वचित बिघडते पण बिघडली की शहरात न्यावी लागते ती कटकटीची.

रचनेतल्या दोन गोष्टी नगरच्या मातीला विशेष मानवल्या. मोठी, तारांच्या आऱ्यांची चाके खड्ड्यांतून स्कूटरच्या दहा इंची चाकांपेक्षा बरी जात. आणि उघडा सांगाडा असल्यामुळे काळ्या रानातला चिखल मडगार्डमध्ये भरला तरी काडीने उकरून काढता येई. पावसाळ्यात पाथर्डी-शेवगावकडच्या काळ्या मातीत ज्याची गाडी रुतली आहे त्याला या काडीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

गिऱ्हाईक कोण होते, यावरही बरेच ठरले. दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून निघालेला दूधवाला, विमा एजंट, प्राथमिक शाळेचे गुरुजी, पोस्टमन, बँकेतल्या बाई. मोटार वाहन कायद्याने सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना ५० सीसीपर्यंतची, गिअर नसलेली गाडी चालवण्याचा परवाना मिळतो; त्यामुळे कॉलेजात जाणाऱ्या पोरांची पहिली गाडीही बहुधा हीच. साडी नेसून चालवता येते, ही गोष्ट तर त्या काळी फार थोड्या दुचाकींबद्दल म्हणता येत होती. ‘चल मेरी लूना’ ही पियूष पांडे यांच्या सुरुवातीच्या काळातली जाहिरात याच माणसांशी बोलत होती. मोपेड या प्रकाराला लोक सरसकट लुना म्हणू लागले. एखाद्या वस्तूला कंपनीच्या मालाचे नाव पडते तेव्हा त्या कंपनीचा जम बसला असे समजायचे. मात्र त्यात एक खोट असते: प्रतिस्पर्ध्याची मोपेड घेणाराही ‘लुना घेतली’ असेच सांगतो.

इथे ब्रँडनिष्ठा या शब्दाची जरा चिरफाड करायला हवी. परवाना राज्यात कारखान्याने किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवत असे. मागणी मोठी, माल थोडा, म्हणून गिऱ्हाईक रांगेत उभे. त्या रांगेला पुढे निष्ठा असे नाव मिळाले, पण ती बरीचशी लाचारी होती. १९८० नंतर ही गोष्ट उघडी पडली. त्या वर्षी होसूरच्या कारखान्यातून टीव्हीएस ५० आली. दोघांना बसता येईल अशी ती देशातली पहिली मोपेड. हिरो मॅजेस्टिक आधीपासून होती. बजाजनेही एम-५० आणि मग एम-८० काढली. लुनाने टीएफआर, डबल प्लस, सुपर, मॅग्नम अशी रूपे घेत टिकाव धरला आणि मोपेडच्या बाजारात बराच काळ वरचा पाट सोडला नाही. पण गिऱ्हाईक आता तुलना करू लागले होते. मागे किती वजन बसते, चढावर कोण ओढते, जुनी विकली तर किती येतात. यातला तिसरा प्रश्न सर्वांत जड. नगरच्या बाजारात कोणत्याही गाडीची खरी परीक्षा शोरूममध्ये होत नाही, सेकंड हँड गाड्यांच्या रांगेत होते. तिथे ज्या गाडीला हातोहात गिऱ्हाईक मिळते तीच गाडी पुढचा माणूस नवी घेतो.

कायनेटिकची दुसरी मोठी गाडी वेगळ्या प्रकारचा भरवसा घेऊन आली. १९८४ साली जपानच्या होंडाशी भागीदारी झाली आणि मध्य प्रदेशातल्या पिथमपूरच्या कारखान्यातून कायनेटिक होंडा डीएक्स बाहेर पडू लागली. ९८ सीसी, गिअर नाहीत, बटण दाबले की चालू. बजाजची स्कूटर सकाळी एका अंगावर कलती करून मग किक मारायची सवय असलेल्या देशाला बटणस्टार्ट म्हणजे चैन वाटली. गिअरच्या जागी व्हेरिएटर, रोलर आणि पट्टा. हे यंत्र लुनासारखे कोपऱ्यावर खोलून बसायचे नव्हते. मिस्त्री सुरुवातीला त्याला हात लावायला कचरत. पण ते खोलायची पाळीच कमी येई. पट्टा वेळेवर बदलला, ऑइलची टाकी कोरडी पडू दिली नाही, तर गाडी वर्षानुवर्षे कुरकुर करत नसे. गिऱ्हाइकाची तक्रार बहुधा एकच असे: पेट्रोल पिते. शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक मोटरसायकलींनी ॲव्हरेजची नवी सवय लावल्यावर ही तक्रार वाढत गेली.

एकाच नावाखाली अशा दोन गाड्या दोन तऱ्हांचे गिऱ्हाईक सांभाळत होत्या. लुना घेणाऱ्याचा विश्वास मिस्त्रीवर होता, कायनेटिक होंडा घेणाऱ्याचा होंडावर. हा फरक १९९८ साली महागात पडला. त्या वर्षी होंडा भागीदारीतून बाहेर पडली आणि आपला वाटा कायनेटिकला विकून गेली. गाडी तीच, कारखाना तोच, पण नावातला जो अर्धा भाग शहरी गिऱ्हाइकाला तांत्रिक खात्रीचा वाटत होता तोच गळाला. पुढच्याच वर्षी होंडाने स्वतःची स्वतंत्र कंपनी भारतात काढली आणि २००१ पासून ॲक्टिव्हा रस्त्यावर दिसू लागली: फोर-स्ट्रोक, पत्र्याची बॉडी, गिअर नाहीत, बटणस्टार्ट. पंधरा वर्षे कायनेटिकने ज्या गिऱ्हाइकाला बिनगिअरच्या स्कूटरची सवय लावली होती, ते या नव्या गाडीकडे चालत गेले.

याच्या शेजारी हिरो होंडाचे उदाहरण ठेवले की चित्र स्पष्ट होते. तीही १९८४ चीच भागीदारी. सीडी १०० ही पहिली गाडी १९८५ ची, स्प्लेंडर १९९४ ची. डिसेंबर २०१० मध्ये होंडाने तिथूनही काढता पाय घेतला. पण टाकीवरून होंडाचे नाव गेले तरी स्प्लेंडर खपतच राहिली. कारण तोवर तिच्यावरचा भरवसा होंडाकडून तालुक्याच्या मिस्त्रीकडे सरकला होता. एकच इंजिन थोड्याफार फरकाने दशकानुदशके चालू ठेवल्याने कोणत्याही बाजाराच्या गावात तिचे पिस्टन-रिंग, क्लच प्लेट, चेन सेट मिळतात, आणि डोळे बांधून इंजिन जोडणारी पोरे गॅरेजात तयार झाली आहेत. कायनेटिकच्या स्कूटरला असा खालचा आधार शहराबाहेर फारसा मिळाला नव्हता, आणि तो तयार होण्याआधीच टू-स्ट्रोकचे दिवस भरले. धुराचे नियम १९९६ आणि २००० मध्ये कडक झाले, भारत स्टेज दोन २००५ मध्ये आले. ऑइल जाळत चालणाऱ्या इंजिनाला प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा अवघड गेला.

त्यानंतरच्या दहा वर्षांत कायनेटिकने पुष्कळ गाड्या काढल्या, कदाचित फारच पुष्कळ. चॅलेंजर, बॉस, जीएफ १७०, कोरियाच्या ह्योसंगची कॉमेट आणि ॲक्विला, झिंग, नोव्हा, इटालजेटकडून घेतलेली ब्लेझ, तैवानच्या एसवायएमच्या साहाय्याने आलेली फ्लाइट. यातल्या काही गाड्या त्यांच्या काळाच्या पुढच्या होत्या आणि काहींचे चाहते अजून आहेत. पण सुट्या भागांचे दुकान चालवणाऱ्याच्या नजरेतून पाहिले तर हा कोरिया, इटली आणि तैवानचा बाजार एका फळीवर मांडायचा होता. कमी खपाच्या गाडीचा माल दुकानदार भरत नाही. माल मिळत नाही म्हणून मिस्त्री ती गाडी घेऊ नका म्हणतो, आणि मिस्त्रीने नाही म्हटले की खप आणखी उतरतो. मध्यम आकाराच्या वाहन कंपन्या बुडण्याची ही नेहमीची वाट. गाडी वाईट असण्याची त्यासाठी गरज नसते.

दरम्यान कॉलेजच्या मुली टीव्हीएस स्कूटीकडे वळल्या होत्या आणि खेड्यातले कर्ते पुरुष स्प्लेंडरकडे. लुनाचे मधले गिऱ्हाईक दोन्ही बाजूंनी गळाले. २००८ साली कायनेटिकने दुचाकीचा व्यवसाय महिंद्राला सुमारे ११० कोटी रुपयांना विकला. महिंद्राने पिथमपूरहून ड्युरो आणि रोडिओ काढल्या, पुढे गस्टो आणली आणि काही वर्षांत स्कूटरचा धंदा आवरता घेतला. नगरचा कारखाना राहिला, पण तो आता दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी गिअर, ॲक्सल आणि इतर भाग करू लागला. नगरच्या दृष्टीने हा बदल आकड्यांपेक्षा मोठा होता: गावाच्या नावाने रस्त्यावर धावणारी वस्तू गेली आणि दुसऱ्याच्या गाडीच्या पोटातला, कुणाला न दिसणारा भाग उरला.

मोपेडचे दिवस संपले म्हणून लुना गेली, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. टीव्हीएसची एक्सएल ही मोपेड गेली नाही. तिने टू-स्ट्रोक सोडून फोर-स्ट्रोक इंजिन घेतले, २०२० च्या भारत स्टेज सहाच्या कसोटीतूनही ती पार पडली आणि आजही वर्षाला चार लाखांच्या वर खपते. पुढे मोकळी जागा, मागे काढता येणारे सीट, सांगाड्याला बांधता येणारी पोती. तामिळनाडू-आंध्रप्रमाणेच महाराष्ट्राच्या बाजारगावांतही भाजीची क्रेट आणि गॅसची टाकी तिच्यावरून जाताना दिसते. गिऱ्हाईक शिल्लक होते. त्याच्यासाठी इंजिन बदलायला पैसे आणि चिकाटी ज्याने लावली त्याला ते मिळाले.

विश्वास आणि विक्री यांचे नाते किती तकलादू असते हे जगाच्या दुसऱ्या टोकाला, बर्फावर धावणाऱ्या स्कूटरच्या धंद्यातही दिसते. सियाचीनवर आपले सैन्य अशा स्नो-स्कूटर वापरते, त्यामुळे छावणीच्या गावाला हे यंत्र अगदीच परके नाही. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या रोझो या लहान गावात १९५४ साली पोलारिस सुरू झाली आणि जवळच्याच थीफ रिव्हर फॉल्समध्ये आर्क्टिक कॅट. १९७० च्या सुमारास या धंद्यात शंभरावर कंपन्या होत्या. बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. आर्क्टिक कॅटचे चाहते हिरव्या रंगासाठी भांडणारे, पिढीजात. तरीही कमी बर्फाचे हिवाळे आणि मंदी एकत्र आल्यावर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीचे दिवाळे वाजले. ती पुन्हा उभी राहिली, २०१७ मध्ये टेक्स्ट्रॉनने विकत घेतली आणि २०२५ मध्ये पुन्हा हात बदलले. यामाहाची गोष्ट तर अधिक बोलकी. तिची फोर-स्ट्रोक इंजिने न बिघडण्यासाठी नावाजलेली, आणि तरी २०२३ मध्ये तिने या धंद्यातून टप्प्याटप्प्याने बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. गाडी टिकाऊ असली की मालक ती पंधरा वर्षे बदलत नाही. आटत चाललेल्या बाजारात हा गुणच कारखान्याच्या मुळावर येतो. लुनाच्या बाबतीतही याचा अंश होता. जी गाडी बापाने घेतली, मुलाने कॉलेजला नेली आणि मग मळ्यावरच्या गड्याला दिली, तिने कंपनीला गिऱ्हाईक एकच दिले.

बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर, ७ फेब्रुवारी २०२४ रोजी, नितीन गडकरी यांच्या हस्ते ई-लुना बाजारात आली. ती आणणारी कायनेटिक ग्रीन ही हस्तीमल यांची नात सुलज्जा फिरोदिया मोटवानी यांच्या नेतृत्वाखालची कंपनी, आणि गाडी पुन्हा नगर जिल्ह्यातलीच. सुरुवातीची किंमत ६९,९९० रुपये. दोन किलोवॅट-तासाची बॅटरी, कंपनीच्या म्हणण्यानुसार एका चार्जमध्ये ११० किलोमीटर, ताशी ५० किलोमीटर वेग, दीडशे किलो वजन वाहण्याची क्षमता. १६ इंची तारांची चाके आणि काढता येणारे मागचे सीट जुन्या ओळखीचे आहे. तिचा सांगाडा आणि इतर काही भाग कायनेटिक इंजिनिअरिंग पुरवते. म्हणजे दुसऱ्यांचे भाग करणाऱ्या कारखान्याला निदान अंशतः घरचे काम मिळाले.

जुन्या नावाचा कितपत उपयोग होतो, याची उदाहरणे जवळच आहेत. बजाजने जानेवारी २०२० मध्ये चेतक हे नाव विजेच्या स्कूटरला दिले. सुरुवातीची काही वर्षे ती मोजक्या शहरांत, मोजक्या संख्येने विकली गेली. विक्री खरी वाढली ती कारखाना, दुकाने आणि स्वस्त मॉडेल वाढवल्यावर. जावा २०१८ मध्ये परतली तेव्हा बुकिंगसाठी झुंबड उडाली, पण गाड्या हातात पडायला इतका उशीर झाला की उत्साहातला बराचसा भाग वाट पाहण्यातच संपला. नाव गिऱ्हाइकाला दुकानाच्या पायरीपर्यंत आणते. आत आल्यावर तो हप्ता, वजन आणि सर्व्हिस सेंटरचे अंतर विचारतो.

रोजच्या खर्चाचे गणित ई-लुनाच्या बाजूने आहे. भिंगारहून आसपासच्या वाड्यांवर दूध गोळा करणारा माणूस दिवसाला ४० किलोमीटर फिरतो असे धरू. पेट्रोलची मोपेड लिटरला ६० किलोमीटर देते असे मानले तर शंभरीपार दराने रोज सत्तर रुपयांच्या आसपास जातात. विजेच्या गाडीला तेवढ्यासाठी एखादे युनिट, म्हणजे दहा रुपयांच्या आत-बाहेर. वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी अठरा हजार वाचतात. पेट्रोल मोपेड आणि ई-लुना यांच्या किमतीतला फरक या बचतीतून भरून निघतो. दूधवाल्याला हे गणित कोणी कागदावर मांडून द्यावे लागत नाही.

अडचण पुढे आहे. ई-लुनाची हब मोटर चाकातच असते. प्लग नाही, पॉइंट नाही, सायलेन्सर नाही. म्हणजे जी दुखणी मिस्त्री तासाभरात काढायचा तीच नाहीशी झाली. उरली ती बॅटरी, कंट्रोलर, चार्जर आणि वायरिंग. यातले काही बिघडले तर कोपऱ्यावरचा मिस्त्री मल्टिमीटर लावून फार तर निदान करतो; डबा उघडून आतला सेल बदलणे त्याच्या हातचे नाही, आणि हमी असेपर्यंत त्याने ते करूही नये. गाडी बिघडण्याची शक्यता कमी झाली, पण बिघडली की ती कंपनीच्या दारात. लुनाच्या बाजूने झुकलेला तराजू इथे कायनेटिक होंडाच्या बाजूला झुकतो. एप्रिल-मेमध्ये नगरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उन्हात उभ्या गाडीतल्या बॅटरीचे काय होते, हा प्रश्नही शोरूममध्ये सहसा कोणी काढत नाही. २०२२ मध्ये देशभर विजेच्या स्कूटरींना आगी लागल्यावर बॅटरीसाठी एआयएस-१५६ हा नियम कडक करण्यात आला; तो डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाला. वाहनांना अशी मान्यता देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक व्हीआरडीई. वाहननगरच्या शेजारी राहणाऱ्या गिऱ्हाइकाला या शिक्क्याचे अप्रूप जरा जास्त असले तर नवल नाही, पण शिक्का सुरक्षिततेचा असतो. पाचव्या वर्षी बॅटरी किती चालेल हे तो सांगत नाही.

सरकारी टेकूही पातळ होत गेला आहे. मे २०२३ पर्यंत विजेच्या दुचाकीला किलोवॅट-तासामागे १५,००० रुपये अनुदान मिळे. मग ते १०,००० झाले. ऑक्टोबर २०२४ च्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ५,००० आणि एप्रिल २०२५ पासून २,५००. दोन किलोवॅट-तासाच्या गाडीच्या हिशेबात या शेवटच्या टप्प्यातच अनुदान दहा हजारांवरून पाच हजारांवर आले. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. विजेच्या गाडीवर तो आधीपासून ५ टक्केच आहे, म्हणजे तिला नवे काही मिळाले नाही आणि प्रतिस्पर्धी स्वस्त झाला. सवलतीची दुसरी वाट छावणीतून जाते: जवानांना आणि निवृत्त सैनिकांना लष्कराच्या सीएसडी कॅन्टीनमधून सवलतीत दुचाकी घेता येते. भिंगारसारख्या गावात त्यामुळे कोणती गाडी ‘कॅन्टीनमध्ये लागली’ आहे ही बातमी जाहिरातीपेक्षा वेगाने पसरते, आणि एकाच गल्लीत एकाच कंपनीच्या गाड्या रांगेने दिसतात त्यामागे अनेकदा निष्ठेऐवजी ही यादी असते.

जुलै २०२५ मध्ये सुलज्जा यांचे बंधू अजिंक्य फिरोदिया यांच्या नेतृत्वाखाली डीएक्स हेही नाव विजेवर परत आले. तेव्हाची किंमत १,११,४९९ रुपयांपासून. ही गाडी दूधवाल्यासाठी नाही. १९८४ मध्ये जे बटणस्टार्टकडे वळले त्या शहरी घरांच्या पुढच्या पिढीसाठी आहे. तिथे ओला, टीव्हीएस आयक्यूब, चेतक आणि एथर आधीच बसलेले आहेत आणि त्यांची दुकानेही अधिक आहेत. ई-लुनासमोर मात्र विजेवरची तशीच ओझ्याची गाडी मोठ्या कंपन्यांनी अजून जोरात उतरवलेली नाही. नगरच्या कारखान्याचे पुढचे दिवस पाहायचे तर दोन्ही नावांपैकी स्वस्त आणि कमी दिमाखदार नावाकडे अधिक लक्ष द्यावे लागेल. टीव्हीएसने एक्सएलच्याच सांगाड्यावर बॅटरी बसवली तर हा मोकळा पट्टा फार काळ मोकळा राहणार नाही.

तोवर कंपनीच्या हातात असलेली कामे साधी आणि खर्चिक आहेत: तालुक्याच्या गावी चार्जर आणि कंट्रोलर मिळाला पाहिजे, जुन्या मिस्त्र्यांना वायरिंगचे काम शिकवले पाहिजे, हमी संपल्यावर बॅटरी कितीला मिळेल हे आजच सांगितले पाहिजे. २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या पहिल्या ई-लुना आता नगरच्या एमएच-१६ च्या पाट्या घेऊन दुसऱ्या मालकाच्या शोधात बाजारात येऊ लागतील. पेट्रोलची जुनी मोपेड घेणारा टायर दाबून बघतो, किक मारतो, सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरतो आणि भाव सांगतो. विजेच्या गाडीपुढे तो पडद्यावरचा चार्जचा आकडा बघून थबकतो, कारण बॅटरीत किती जीव उरला आहे हे हात लावून कळत नाही. अशा गाडीचा नगरच्या बाजारातला ठरलेला भाव अजून बसायचा आहे.